पहिलं दोन अंकी नाटक, हातात ८० हजार : हिशोब तपासून द्याल का?

अर्धापडदा
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यातले आठ जण. कॉलेजची वर्षं एकांकिकांत घालवली, पुरुषोत्तम करंडकाला ओरडून घसे बसवले, फिरोदिया स्पर्धेच्या रात्री जागवल्या. आता कुणाला नोकरी आहे, कुणाला नाही. आमच्यातल्याच एकाने लिहिलेलं दोन अंकी नाटक करायचं ठरलंय. शंभर खुर्च्यांचं छोटं सभागृह, तिकीट लावून प्रयोग. निर्माता नाही, नोंदवलेली संस्था नाही, घरात कुणी नाटकवालं नाही.

कॉलेजात पैसे कुठून येतात याचा विचारच करावा लागत नाही. तालमीला वर्ग फुकट, जुन्या बॅचचे फ्लॅट्स (नेपथ्याच्या उभ्या चौकटी) रंगवून घ्यायचे, कॅन्टीनला उधारी, नाट्यगृह आयोजकांचं. दोन अंकी म्हटल्यावर पहिल्या वाचनापासून मीटर पडतो.

अंदाज असा काढलाय. नाटक उभं करायला तालमीच्या जागेचं भाडं २० हजार, नेपथ्य ३५, कपडे १२, संगीताचं रेकॉर्डिंग १५, पोस्टर-फोटो-ट्रेलर १०, सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि किरकोळ ३. एकूण ९५ हजार. प्रत्येकी दहा काढले तर ८० जमतात. त्यानंतर दर प्रयोगाला सभागृह ५ हजार, लाइट्स ४, टेम्पो अडीच, चहा-जेवण २, लेखकाचं मानधन १, मेकअप-इस्त्री-किरकोळ १, जाहिरात दीड. म्हणजे १७ हजार. तिकीट २५० रुपये. साठ माणसं आली आणि त्यातली पंधरा पासवाली निघाली तर हातात ११,२५०. दर प्रयोगाला पावणेसहा हजारांचा खड्डा, आणि हे नटांना एक रुपया न देता.

हा खड्डा बुजवतात कसा? "पॅशन असली की होतं सगळं" हे उत्तर नको, ती आमच्याकडे शिल्लक आहे.

टवाळ_कार्टा
पहिला प्रयोग हाउसफुल्ल जाणार, लिहून घ्या. आत्या, मावशी, ऑफिस, सोसायटी. खरं बुकिंग तिसऱ्या प्रयोगाला कळतं, कारण तोवर नातेवाईक संपलेले असतात. बाकी चालू द्या, पुढची रांग पकडून बसलोय.

डिमरबोर्ड
कार्ट्याने थट्टेत खरं सांगितलंय. मी लाइट्स करतो, छोट्या ग्रुपची बरीच कामं करतो, म्हणून माझ्या बाजूचं बोलतो.

लाइटचे ४ हजार लिहिलेत. त्यात फक्त सामान आहे की माणूसही? भाड्याने सामान आणलं की ते आणणारा, चढवणारा आणि उतरवणारा वेगळा. पण त्याआधी सभागृहात जा आणि वर काय टांगलंय ते बघून या. बहुतेक छोट्या जागांत थोडे स्पॉट, थोडे पार (हेही दिवेच) आणि दिवे कमी-जास्त करायचा एक बोर्ड असतोच. नवीन मुलं तिकडे न बघता कागदावर प्रकाशयोजना करतात आणि मग तेवढ्यासाठी बाहेरून सामान आणतात. जे टांगलंय त्यात नाटक बसवलं तर भाड्याचं सामान जवळजवळ शून्यावर येतं आणि ऑपरेटरचे पैसे उरतात. दीड हजारात व्हायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. सभागृह सत्रावर मिळतं, साधारण चार-पाच तासांचं. तुमचं नाटक दोन तासांचं, मध्यंतर धरून सव्वादोन. प्रेक्षक आत घ्यायला आणि बाहेर काढायला अर्धा-पाऊण तास. म्हणजे नेपथ्य लावणं, लाइट फोकस करणं, साउंड तपासणं आणि सगळं परत गुंडाळणं, या सगळ्याला जेमतेम दीड-दोन तास. ३५ हजारांचं नेपथ्य एवढ्या वेळात लागत नाही. मग तुम्ही आधीचं सत्रही घेता, आणि ५ हजारांचं भाडं गुपचूप १० होतं. ही रक्कम कुणाच्याच अंदाजपत्रकात नसते.

आणि दोन प्रयोगांच्या मधे नेपथ्य ठेवणार कुठे? पुण्यात लेव्हल्स (रंगमंचावरचे चौथरे) आणि फ्लॅट्स ठेवायला जागा म्हणजे महिन्याचं भाडं. नाहीतर कुणाच्या तरी पार्किंगमध्ये पावसात भिजतात आणि सोसायटीचा सेक्रेटरी फोन करतो.

अर्धापडदा
गोडाउन! हे खरंच कुणाच्या डोक्यात नव्हतं. नेपथ्यकार मैत्रीण हे वाचून गप्प झालीय.

डिमरबोर्ड
तिला सांगा, नेपथ्य कमी कर असं म्हणत नाहीये. एका रिक्षात आणि दोन बाइकवर मावेल असं डिझाइन कर म्हणतोय. ते अवघड काम आहे, त्यात जास्त डोकं लागतं. टेम्पोचे अडीच हजार जातात, गोडाउन जातं, आधीचं सत्र जातं.

ते जमणारच नसेल तर एकाच दिवशी दोन प्रयोग लावा. दिवसभराचं सभागृह ८ हजारांत मिळालं असं धरू. लाइट एकदाच चढतात, ५ हजार. टेम्पो एकदाच, अडीच. जेवण ३, लेखक २, किरकोळ दीड, जाहिरात दीड. दोन प्रयोग साडेतेवीस हजारांत, म्हणजे एक पावणेबारा हजारांना पडला. प्रत्येकी पंचेचाळीस तिकिटं गेली तर साडेबावीस येतात. हजार रुपयांचा तोटा, तो चहावाल्याच्या वहीत मावतो.

टवाळ_कार्टा
फक्त दुपारी साडेबाराच्या प्रयोगाला पुण्यात कोण येतं तेही सांगा.

डिमरबोर्ड
दुपारी चार आणि रात्री साडेआठ. एक ते तीन या शहरात आम्हीही काम मागत नाही.

जमाखर्च
दोन नाट्यसंस्थांचे हिशोब बघतो, म्हणून या धाग्यावर येणं भाग होतं.

अर्धापडदा, तुम्ही दोन खर्च वेगळे मांडलेत, हे चांगलं केलंत. बरेच जण "नाटकाला लाखभर लागतात" म्हणतात आणि तिथेच थांबतात. उभारणीचे ९५ हजार तुम्ही एकदाच घालणार, त्यातले ८० आठ जणांनी वाटून घेतलेत, ते गेले असं समजून झोपा. नाटक बंद पडतं ते प्रयोगागणिकच्या पावणेसहा हजारांमुळे. असे दहा प्रयोग झाले की साडेसत्तावन्न हजार होतात, म्हणजे जितकं चालेल तितकं बुडेल. तेव्हा पुढचा कोणताही निर्णय घेताना उभारणीत वाढलं तरी चालेल पण प्रयोगखर्चात काय कमी होतं, हाच प्रश्न विचारा. घडी होणारं हलकं नेपथ्य करायला पाच हजार जास्त लागले तर खुशाल घाला.

आता कोरडं पण लागणारं.

तिकिटावरचा जीएसटी : नाटकाच्या प्रवेशाला माणशी ५०० रुपयांपर्यंत माफ आहे. तुमचं तिकीट त्याच्या आत आहे, चिंता नाही. पण सभागृहाच्या भाड्यावर १८ टक्के लागू शकतो, आणि तुम्ही नोंदणीकृत नसल्यामुळे तो परत मिळत नाही. भाडं विचारताना "सगळं धरून किती" असं विचारा. ५ हजारांचे ५,९०० होतात. ऑनलाइन तिकीट विकणाऱ्यांची कपातही करासकट विचारा, आणि पैसे प्रयोगानंतर किती दिवसांनी जमा होतात तेही. सभागृहाला भाडं आणि अनामत आधी द्यावी लागते, तिकिटाचे पैसे मागाहून येतात. या मधल्या दिवसांसाठी एका प्रयोगाएवढी रक्कम बाजूला काढून ठेवा आणि तिला हात लावू नका. कागदावर नफ्यात असलेले ग्रुपसुद्धा इथे अडकतात, कारण पुढची तारीख घ्यायला त्या दिवशी रोख नसते.

खातं : सगळे पैसे एकाच्या बचत खात्यात फिरवू नका. ते त्याचं उत्पन्न दिसतं आणि दोन वर्षांनी त्याला खुलासे देत बसावं लागतं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात सभासद लागतात, तुम्ही आठ आहात, म्हणजे करता येईल. पण महाराष्ट्रात संस्था म्हटली की धर्मादाय आयुक्तांकडची नोंद, दरवर्षीचं लेखापरीक्षण आणि कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज हे आलंच. एका नाटकासाठी एवढा संसार मांडू नका. साधी भागीदारी करा, पॅन घ्या, चालू खातं उघडा. दोन-तीन नाटकं करायचीत असं नक्की झालं की संस्था नोंदवा.

अनुदान : केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या योजना आहेत, निर्मितीलाही मदत मिळते, पण त्या काही वर्षं काम केलेल्या नोंदणीकृत संस्थांसाठी आहेत. पहिल्या नाटकाला त्यांचा उपयोग नाही. कंपन्यांच्या सीएसआरचंही तेच, कागदपत्रांची रांग आधी लागते. आणि सगळे विचारतात ते ८०जी (देणगीदाराला मिळणारी करवजावट). ते मिळवण्याआधी तुमचे देणगीदार कोण ते बघा. पगारदार मित्रमंडळी असतील तर त्यातले बरेच नव्या करप्रणालीत गेलेत, तिथे ८०जी ची वजावटच मिळत नाही. त्यांना पावती मिळाली काय, न मिळाली काय, सारखंच.

संहिता तुमच्या मित्राची आहे म्हणून सुटलात. नाहीतर लेखकाची लेखी परवानगी आधी, तालीम नंतर. लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. देवल, गडकरी, खाडिलकर मोकळे आहेत, तेंडुलकर नाहीत. भाषांतरालाही परवानगी लागते.

अर्धापडदा
प्रिंट काढून तालमीच्या भिंतीवर लावतेय. गडकरींचं वाक्य आमच्यातल्या कुणाला सलग म्हणता येत नाही, नाहीतर विचार केला असता. पार्श्वसंगीतात दोन जुनी सिनेमाची गाणी आहेत, त्याचं काय?

जमाखर्च
तिकीट लावून प्रयोग आहे, परवाना लागणार. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर केलं तर कायद्यात थोडी सवलत आहे, ती तिकिटाबरोबर जाते. गाणी काढून टाका आणि त्या १५ हजारांत एखादी पेटी वाजवणारी मुलगी रंगमंचावर बसवा. तिला दर प्रयोगाला द्यावे लागतील, तेवढं धरा.

विंगेतला_म्हातारा
बरंच वाचलं. आमच्या वेळी हे जीएसटी-बिएसटी नव्हतं. दादरला छबिलदास शाळेच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, घडीच्या खुर्च्या, खाली रानडे रोडचा बाजार. आविष्कार या नाट्यसंस्थेने १९७४ मध्ये तिथे प्रयोग सुरू केले आणि जागा आपल्यापुरती न ठेवता इतर संस्थांनाही दिली. मी विंगेत असायचो (विंग म्हणजे एक काळा पडदा). कुणी मानधन मागितलं नाही, कुणाला दिलं नाही. कामावरून सुटलो की थेट हॉल. शेवटची लोकल चुकली तर तिथेच झोपायचो. तुम्ही मुलं आधी हिशोब करता आणि मग नाटक. आधी नाटक करा.

दुसरी_एंट्री
काका, मनापासून आदर आहे, पण एक विचारते. कामावरून म्हणजे कुठून सुटायचात?

विंगेतला_म्हातारा
राष्ट्रीयीकृत बँक, फोर्ट शाखा. का?

दुसरी_एंट्री
कारण तेच उत्तर येणार हे माहीत होतं. तुमच्या पिढीतले कितीतरी नट बँकेत, एलआयसीत, पोस्टात, नाहीतर कुठल्या तरी सरकारी कचेरीत होते. ठरलेल्या वेळी सुटणारी, कायमची, स्पर्धेच्या वेळी रजा देणारी नोकरी. काही ठिकाणी तर नाटकासाठीच ओळखले जायचात. तुमच्या प्रायोगिक रंगभूमीचा खरा निर्माता ती नोकरी होती, फक्त जाहिरातीत तिचं नाव नसायचं. मी मुंबईत ऑडिशन देऊन जगते. माझी शूटिंगची तारीख आदल्या रात्री नऊला कळते. या ग्रुपमधली जी मुलं आयटीत आहेत त्यांचा कॉल रात्री दहाला असतो. फुकट काम करायची ऐपत आमच्यात कमी आहे, प्रेम कमी नाही.

आणि अर्धापडदा, तुझ्या १७ हजारांत लाइटवाल्याला पैसे आहेत, टेम्पोवाल्याला आहेत, इस्त्रीवाल्याला आहेत, लेखकाला आहेत. नटाला वडापाव. व्यावसायिकवाल्यांइतकी नाइट (प्रयोगागणिक मानधन) कुणी मागत नाहीये. २०० रुपये लिही, ३०० लिही, पण लिही. पाचव्या प्रयोगाला एखादा नट "मालिका मिळाली, जमत नाही" म्हणतो तेव्हा त्याला अडवायला तुझ्याकडे काहीच नसतं. शिवाय बाहेरगावचा प्रयोग कुणी विकत घेतला तर किंमत सांगताना तू नटांचे पैसे धरणारच नाहीस, कारण ते कधी वहीतच नव्हते.

विंगेतला_म्हातारा
नोकरीचं म्हणणं मान्य आहे. हे कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. आमचा मॅनेजर नाटकवेडा होता, तो नसता तर निम्मे प्रयोग झाले नसते. पण मी एवढंच म्हणेन की छबिलदास चाललं ते नुसत्या त्यागावर नव्हे. जागा परवडणारी आणि ठरलेली होती, आणि आविष्कारच्या अरुण काकड्यांसारखा माणूस पडद्यामागची सगळी व्यवस्था वर्षानुवर्षं सांभाळत होता. प्रेक्षकाला ठाऊक होतं की तिथे गेलं की काहीतरी बघायला मिळणार. प्रत्येक संस्थेला आपला प्रेक्षक शून्यापासून जमवावा लागत नव्हता. तुम्ही आठ जणच सगळा भार उचलताय. पुण्यात तुमच्यासारखे आणखी चार ग्रुप असतील, त्यांच्याशी बोला. महिन्याचा एक शनिवार-रविवार मिळून घ्या, लाइट एकदा चढवा, दोन नाटकं करा. तुमचा प्रेक्षक त्यांना, त्यांचा तुम्हाला.

दुसरी_एंट्री
याला मात्र शंभर टक्के अनुमोदन, काका.

हळदीचा_बाजार
सांगलीकर आल्याशिवाय नाटकाचा धागा पुरा होत नाही, म्हणून आलो. नोकरीच्या आश्रयावर नाटक चालायचं म्हणालात, त्यावरून आठवलं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये नाटक केलं ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव (आप्पासाहेब) पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले, आश्रय सुटला, आणि भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. म्हणजे मराठी नाटकवाला तिकीट विकायला बाहेर पडला तो खिसा रिकामा झाल्यावरच. तुम्ही परंपरेला धरून चाललाय, काळजी करू नका.

कामाचं सांगतो. राज्य नाट्य स्पर्धेत का उतरत नाही? १९५४ पासून चालू आहे, हौशींसाठीच आहे. नाट्यगृहाचं भाडं तुम्हाला भरावं लागत नाही, सादरीकरणाचा खर्च मिळतो. तो नंतर मिळतो, आधी खिशातूनच घालायचा, हे लक्षात ठेवा. पण मोठ्या रंगमंचावरचा पहिला प्रयोग भाडं न भरता होतो आणि परीक्षकांसमोर होतो. आमच्याकडची निम्मी मंडळं याच जोरावर टिकलीत.

अर्धापडदा
विचार केला होता. अडचण अशी की आमचं नाटक शंभर माणसांसाठी, अगदी जवळून बघायचं आहे. त्यात एक पात्र पूर्ण पाच मिनिटं फक्त संत्रं सोलतं. हजारेक खुर्च्यांच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेला ते संत्रं दिसणार नाही.

हळदीचा_बाजार
फणस घ्या.

(चेष्टा केली. पण स्पर्धेसाठी नाटक मोठं केलं की नेपथ्य वाढतं, हे खरंय. मग तेच नेपथ्य पुढे गळ्यात पडतं. तुमचं बरोबर आहे.)

वडसाकर
राजेहो, पुण्या-मुंबईच्या बाहेर पण नाटक होते म्हणून सांगायला आलो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियात, दिवाळीच्या मंडईपासून (गावच्या जत्रेपासून) होळीपर्यंत रोज रात्री गावोगाव नाटक चालते. रात्री दहाला पडदा उघडते ते पहाट होईपर्यंत. वडसा म्हणजे देसाईगंजला कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावची मंडळं तिथे येऊन नाटक बुक करतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी.

सांगायचा मुद्दा असा, की तोट्याची भीती आमच्या कंपनीच्या डोक्यावर नसते. मंडप मंडळाचा, तिकीट मंडळ विकते, कंपनीला ठरलेली रक्कम मिळते, नटाला त्याची नाइट मिळते. लोक कमी आले तर ते मंडळाचं बघणं. तुम्ही लोक सभागृहही तुम्हीच घेता, तिकीटही तुम्हीच विकता, अन् अभिनयही तुम्हीच करता. तीन धंदे एकाच वेळी करून तिन्हीत बुडता. एक तरी दुसऱ्याच्या गळ्यात टाका न!

म्हापशेकार
वडसाकर म्हणतात तसंच आमच्याकडे गोव्यात तियात्राचं, म्हणजे कोंकणी नाटकाचं. कंत्राटदार प्रयोग विकत घेतो, गावात लावतो, तिकीट त्याचं. मराठी नाटकाचं मात्र उलट. देवळाच्या उत्सवात गावची माणसं स्वतः वर्गणी काढून नाटक करतात, पदरचे घालून भूमिका करतात आणि वर्षभर त्याबद्दल बोलतात. त्यात कुणी नफा बघत नाही, म्हणून तोटाही कुणाला दिसत नाही. ते सुंदर आहे, पण वर्षातून एकदाच परवडतं.

अर्धापडदा
वडसाकर, तुमच्या "तीन धंदे"वर आमची काल तासभर चर्चा झाली. आमचं नाटक रात्रभर चालणारं नाही आणि त्यात लावणीही नाही, त्यामुळे मंडळ आम्हाला घेईल असं वाटत नाही. पण ठरलेल्या मानधनावर बोलावणारं दुसरं कोण असतं?

जमाखर्च
वाचनालयं, व्याख्यानमाला, डॉक्टरांच्या संघटना, कॉलेजची कला मंडळं, मोठ्या सोसायट्या. तालुक्याच्या गावी एखादं जुनं वाचनालय असतंच, त्यांच्याकडे हॉल असतो आणि वर्षाच्या कार्यक्रमांसाठी थोडी तरतूद असते. त्यांना नेहमी स्वस्तात मस्त हवं असतं, तिथे तुमचं एका रिक्षातलं नेपथ्य उपयोगी पडतं. २५ हजार अधिक प्रवास-राहणं सांगा, वीसवर या. निम्मे आगाऊ घ्या. उरलेले "चेकने पाठवतो" म्हणाले तर हसून "आत्ताच ट्रान्सफर करता का" म्हणा. वर्षात असे चार प्रयोग मिळाले तर पुण्यातले आठ प्रयोग निघतात.

डिमरबोर्ड
फक्त वीज विचारून घ्या. "लाइट आहे ना?" असं विचारलं की ते ट्यूबलाइट धरून हो म्हणतात.

टवाळ_कार्टा
पासवाल्या पंधरांचं कुणीच बोललं नाही. मी त्यातलाच आहे म्हणून विचारतो.

दुसरी_एंट्री
पास बंद. आईवडिलांनाही तिकीट. माझी आई पहिल्यांदा चिडली, आता मैत्रिणींना "मी स्वतः काढलं" म्हणून सांगते. पत्रकार आणि ज्यांनी खरंच मदत केली ते, असे पाच. बास.

हळदीचा_बाजार
पुण्यात आईला तिकीट लावता, आमच्याकडे लावलं तर नाटकच बंद पडेल. आम्ही देणगी प्रवेशिका काढतो. ५०० ची, हजाराची, ज्याला जमेल त्याने घ्यावी. डॉक्टर मंडळी हजाराची घेतात आणि येत नाहीत. खुर्ची रिकामी पण पैसे जमा. ती खुर्ची मग कॉलेजच्या पोराला.

अर्धापडदा
सगळ्यांचं ऐकून काल रात्री नवीन हिशोब मांडला. नेपथ्य मैत्रिणीने स्वतः मोडून काढलं, आता चार घडीचे स्टूल, एक दोरी आणि एक पत्र्याची ट्रंक. सगळं रिक्षात बसतं, बसवून पाहिलं, रिक्षावाल्याने ट्रंकेचे वेगळे वीस मागितले. लाइट सभागृहाचे, ऑपरेटर दीड हजार. टेम्पो गेला. प्रयोगखर्च १७ वरून १२ हजारांवर आला. त्यात आठ जणांचे प्रत्येकी ३०० धरले, झाले १४,४००. तिकीट २५० ठेवलं तर अठ्ठावन्न लागतात, ३०० केलं तर अठ्ठेचाळीस. ३०० करतोय. गाणी काढली, पेटीवाली शोधतोय, ती मिळाली की खर्च पुन्हा वाढेल. पास पाच.

दुसऱ्या एका ग्रुपशी बोलणं झालंय. ते शनिवारी, आम्ही रविवारी, लाइट एकदाच चढवायचे. शनिवारी त्यांच्या मध्यंतरात आमची जाहिरात. त्यांच्या नाटकात मध्यंतर नाहीये, त्यावर वाटाघाटी चालू आहेत.

डिमरबोर्ड
शनिवारी सकाळी चढवायला मी येतो. त्यांच्या आणि तुमच्या दोघांच्या लाइट प्लॉटचे (कुठला दिवा कुठे, त्याचे) कागद आठवडाभर आधी पाठवा, शुक्रवारी रात्री नकोत.

विंगेतला_म्हातारा
रविवारचं एक तिकीट माझं. पुण्याला मुलीकडे येणारच आहे. पास नको.

जमाखर्च
भागीदारीचा कागद करताना तीन गोष्टी लिहाच. कुणी मधेच सोडून गेलं तर त्याचे दहा हजार कधी आणि कसे परत. नाटकाचे हक्क लेखकाचे, पण या संचाला ठरावीक काळ प्रयोगाचा अधिकार. आणि फायदा झालाच तर तो आधी बाजूला काढलेल्या रकमेत, मग वाटणी. मित्र आहात म्हणूनच लिहा. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवलीत का? प्रमाणपत्राशिवाय तिकीट लावू नका, आणि वेळ लागेल असं धरून चाला.

अर्धापडदा
संहिता पाठवली. हक्कांचा मुद्दा लेखकाला वाचून दाखवला. त्याने पूर्ण धागा शांतपणे वाचला आणि म्हणाला, नटांना नव्याने पैसे मिळणार असतील तर माझे हजारचे दीड करा. आता अठ्ठेचाळीस नाही, पन्नास तिकिटं.